छापचित्रे, छायाचित्रे आणि स्पर्धेचे पाकीट



तालुक्याच्या चित्र व छायाचित्र स्पर्धेला या वर्षी आपल्या शाळेतून पाच छापचित्रे आणि एक फोटोंचा प्रकल्प जाणार आहे. मागच्या वर्षी आपण अकरा प्रवेशिका पाठवल्या होत्या. त्यांतल्या सात पहिल्याच चाळणीत बाजूला पडल्या. चित्रे वाईट होती म्हणून नव्हे. तीन चित्रांवर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत नाव घातले होते. दोन चित्रांची सुरळी केली होती, ती टेबलावर सरळ राहीचना. एक फोटो इतका छोटा छापला होता की त्यातला बैल की म्हैस ते ओळखू येत नव्हते. आणि सातवे चित्र माझे होते. त्याची हकिकत पुढे येईलच.

म्हणून गुरुजी म्हणाले, "यंदा भित्तिपत्रकात याच विषयावर लिही. ज्याचं चुकलं त्यालाच नीट लिहिता येतं." मी इयत्ता सातवीत आहे. जे करून पाहिले आणि वाचनालयातल्या पुस्तकांत वाचले, तेच येथे लिहीत आहे.

प्रथम छापचित्र म्हणजे काय ते पाहू. आपण हाताने कागदावर काढतो ते चित्र एकच असते. पण एखाद्या वस्तूला रंग लावून ती कागदावर दाबली की तिचा ठसा उमटतो. पुन्हा रंग लावला की पुन्हा ठसा. असे दहा काढा, वीस काढा. अशा ठशाच्या चित्राला छापचित्र म्हणतात. आपल्या घरी दारापुढे लक्ष्मीची पावले उमटवतात, साडीवर फुलांचे छाप असतात, तेही याच घराण्यातले. आणि सगळ्यांत जवळचे उदाहरण म्हणजे आपल्या मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा शाळेचा शिक्का. तो हातात घेऊन (विचारून घ्या बरे का!) खालची बाजू पाहा. सगळी अक्षरे उलटी दिसतील. कागदावर मात्र सुलटी उमटतात.

येथेच मी फसले होते. मागच्या वर्षी मी बटाट्यावर "झाडे लावा" असे कोरले. दोन दिवस खपून कोरले. अक्षरे अगदी वळणदार आली होती. कागदावर दाबले आणि उचलून पाहते तो काय, सगळे उलटे! आजी म्हणाली, "अगं, हे उर्दू लिहिलंस की काय?" वेळ उरला नव्हता, तेच पाठवले. ते बाजूला पडले यात परीक्षकांचा दोष नाही.

यावर सोपा उपाय आहे. पातळ कागदावर अक्षरे ठळक सुलटी लिहावी. तो कागद पालथा करून खिडकीच्या काचेवर धरावा. मागून उजेड आला की अक्षरे उलटी दिसतात. ती तशीच मागच्या बाजूवर गिरवावी. मग ही मागची बाजू वर ठेवून कागद बटाट्यावर चिकटवावा आणि कोरावे. कोरून झाल्यावर आरशासमोर धरावे. आरशात सुलटे वाचता आले तर कागदावरही सुलटेच उमटणार. ब्लेडचे काम मोठ्या माणसासमोरच करावे. आमच्या वर्गात दोघांनी बोटे कापून घेतली आहेत.

छापण्याची ही विद्या नाशिकला नवी नाही. नाशिकरोडचा इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ साली सुरू झाला आणि १९२६ पासून तेथे देशाची टपाल तिकिटे छापली जाऊ लागली. १९२८ साली शेजारीच नोटांचा छापखानाही सुरू झाला. आपल्या गावातले काहीजण तेथे नोकरीला होते, त्यांना हे ठाऊकच असेल. बालदिनाच्या तिकिटासाठी टपाल खाते मुलांची चित्रस्पर्धा घेते आणि त्यातून निवडलेली चित्रे तिकिटावर छापली गेली आहेत. म्हणजे कोण्या एका शाळेतल्या मुलाचे चित्र साऱ्या देशाच्या पत्रांवर चिकटते! दिल्लीला शंकर नावाचे मोठे व्यंगचित्रकार होते. त्यांनी १९४९ साली मुलांसाठी चित्रस्पर्धा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी परदेशातल्या मुलांनाही तिच्यात घेतले.

आता आपल्याकडे काय साहित्य आहे? कांदा! लासलगावचा बाजार जवळ असताना आपण रंगपेटीवाचून का अडावे? कांदा आडवा कापला तर वर्तुळात वर्तुळे उमटतात. उभा कापला तर दिव्याच्या ज्योतीसारखा, नाहीतर मिटलेल्या कमळासारखा आकार येतो. पण कापल्या कापल्या रंग लावू नये. कांद्याला पाणी सुटते आणि रंग फाकतो. कापलेली बाजू अर्धा तास जुन्या वर्तमानपत्रावर पालथी ठेवावी, मग फडक्याने टिपावी. डोळ्यांतले पाणी मात्र कोणाला चुकत नाही. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल मिळते. त्यात बियांची घरेसुद्धा दिसतात.

माझ्या मते सगळ्यांत सुंदर ठसा द्राक्षाच्या पानाचा. पानाच्या खालच्या बाजूला शिरा वर आलेल्या असतात. त्या बाजूला रंग लावायचा, पान कागदावर ठेवायचे, वर वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून चमच्याच्या पाठीने हलके घासायचे. बारीकात बारीक शीर उमटते. हाताने कितीही वेळ बसले तरी असे काढता येत नाही. बागेतले पान आणले तर आधी स्वच्छ धुवावे, कारण त्यावर औषध फवारलेले असते. पान धुऊन पुसेपर्यंत तोंडाला हात लावू नये.

रंग कसा लावायचा? पाण्याचा रंग फार पातळ असतो, तो ओघळतो. पोस्टर कलर घट्टसर कालवावा. ताटलीत स्पंजाचा तुकडा ठेवून त्याला रंग पाजावा आणि ठसा त्यावर टेकवावा. कागदाखाली वर्तमानपत्राची जाड घडी असावी, म्हणजे ठसा सगळीकडे सारखा बसतो. तळहाताने दाबावे, पाच आकडे मोजावे आणि सरळ वर उचलावे. सरकवले की बिघडले. पहिला ठसा बहुतेक खराब येतो, दुसरा-तिसरा चांगला येतो. म्हणून स्पर्धेचा चांगला कागद पहिल्यांदा घेऊच नये.

मोठे कलावंत छापचित्राच्या खालच्या कडेला पेन्सिलीने ३/१० असे लिहितात. त्याचा अर्थ, दहा प्रती काढल्या, त्यातली ही तिसरी. आम्हीही तसे लिहिले आहे. सही मात्र मागे केली आहे. या स्पर्धेत परीक्षकांना नाव दिसता कामा नये असा नियम आहे.

आता छायाचित्राकडे वळू. आणि छायाचित्र म्हटले की आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने त्र्यंबकेश्वराकडे पाहिलेच पाहिजे. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. भारतात पहिला संपूर्ण लांबीचा कथापट त्यांनी काढला, 'राजा हरिश्चंद्र'. तो ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. हे आपण सामान्यज्ञानात पाठ करतो. पण सिनेमाच्या आधी ते काय करीत होते, हे मला यंदाच समजले. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात. चित्रे काढली, फोटो काढले, नाटकांचे पडदे रंगवले, दगडावरून चित्रे छापायचे शिळामुद्रण शिकले. छापण्याचा स्वतःचा कारखाना काढला. त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला, तेव्हा फोटो काढला की माणसाची शक्ती जाते असे लोक मानत. गिऱ्हाईक येईना! आमची आजी हे ऐकून हसली नाही. ती म्हणाली, "आमच्या लहानपणीसुद्धा म्हणायचेच."

फाळक्यांची एक गोष्ट तर आमच्या प्रकल्पाचे मूळच आहे. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा व यंत्रे घेऊन आले. पण सिनेमाला पैसा कोण देणार? लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाचे रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर दाखवल्यावर बी फुटून भराभर वेल होताना दिसे. 'अंकुराची वाढ' असे त्या छोट्या चित्रपटाचे नाव. तो पाहून मदत करणाऱ्याने मदत केली. घरचे दागिनेही गहाण पडले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुण्याच्या कामातही हात लावीत. १९७१ साली फाळक्यांवर टपाल तिकीट निघाले. तेव्हा तिकिटे नाशिकरोडलाच छापली जात.

आम्ही सातवीच्या मुलांनी ठरवले, आपणही वाटाणा लावायचा. तेलाचे दोन जुने डबे कापले, तळाला खिळ्याने भोके पाडली, माती व शेणखत भरले. एक डबा पडवीत फोटोसाठी आणि दुसरा जोडीला, खिडकीच्या जाळीआड. १ डिसेंबरला, सोमवारी, पहिला फोटो घेतला. कॅमेरा म्हणजे गुरुजींचा मोबाइल.

रोज एकाच जागेवरून फोटो घेणे ऐकायला सोपे वाटते, पण तसे नाही. डब्याभोवती खडूने गोल काढला. मोबाइलसाठी विटांचा चबुतरा रचला आणि त्याभोवतीही खडूची रेघ मारली. शेजारी पट्टी उभी केली, म्हणजे उंची समजावी. तारखेची चिठ्ठी लावली. वेळ ठरली परिपाठानंतरची, कारण तेव्हा पडवीत बाजूने ऊन येते. उजेड बाजूने आला की पानाला उठाव येतो. समोरून फ्लॅश मारला की पान चपटे आणि पांढुरके दिसते. आणि रोपामागे ऊन असेल तर रोप नुसते काळे येते. हे तिन्ही प्रकार आम्ही आधी करून पाहिले.

तरी गडबड झालीच. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून शनिवारचे फोटो अंधारे आले. रविवारी गुरुजी नाहीत, मग माझे घर शाळेजवळ म्हणून आमच्या अण्णांच्या मोबाइलवर मी फोटो काढला. त्यात मातीचा रंगच निराळा. सहाव्या दिवशी माती फाटून अंकुर वर आला. बाराव्या दिवशी रोप पट्टीवर सहा सेंटिमीटर झाले होते.

तेराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, आम्ही पडवीत गेलो आणि बघतो तर रोपाचा शेंडाच नाही! खाली दोन सेंटिमीटरचे थोटूक. डब्याजवळ लेंड्या पडल्या होत्या, त्यामुळे कोणाची करणी ते विचारावे लागले नाही. फाटक रात्री कोणी उघडे ठेवले हे अजून कळलेले नाही.

काहीजणी रडल्या. एक मुलगा म्हणाला, "रडता कशाला? जाळीआडचा डबा आहे ना! तो इथं ठेवा. वाटाणा तो वाटाणाच. कोणाला कळणार आहे?" दुसऱ्या डब्यातले रोप तेवढ्याच उंचीचे होते. डबाही तसाच. खरे सांगते, मलाही ते पटले होते. बारा दिवसांची मेहनत कोण वाया घालवील? आम्ही डबा आणून खडूच्या गोलात ठेवलासुद्धा.

तेवढ्यात गुरुजी आले. आम्ही सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाले, "काढतो. पण फोटोखाली काय लिहायचं ते आधी सांगा."

आम्ही लिहिणार होतो, 'आमच्या रोपाचा तेरावा दिवस'. ते आता कोणाला मोठ्याने म्हणता येईना. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ज्याने डबा बदलायची युक्ती काढली होती, त्यानेच दुसरा डबा उचलून जाळीआड नेऊन ठेवला. थोटकाचा फोटो घेतला. खाली लिहिले, 'दिवस १३. रात्री शेळीने शेंडा खाल्ला.'

पुढचे चार दिवस फार कंटाळवाणे गेले. रोज तेच थोटूक. पाचवीची मुले चिडवू लागली, "काडीचे फोटो काढतात!" पण अठराव्या दिवशी खोडाच्या अगदी खालच्या पेराजवळ हिरवा ठिपका दिसला. आधी वाटले, दुसरे बी रुजले. जवळून पाहिले तर तो त्याच खोडातून निघाला होता. गुरुजींनी समजावून सांगितले की वाटाण्याच्या खोडावर खालच्या पेरांपाशी कळ्या झोपलेल्या असतात. शेंडा शाबूत असेपर्यंत त्या सहसा वाढत नाहीत. शेंडा गेला की त्यांतली एखादी जागी होते. तुळशीचा शेंडा खुडला की ती डेरेदार होते, त्याचेही कारण हेच. द्राक्षाच्या छाटणीतही डोळे फुटतात, हे आपले आई-वडील आपल्यापेक्षा जास्त जाणतात. सत्ताविसाव्या दिवशी, २७ डिसेंबरला, नवा कोंब पाच सेंटिमीटर झाला. तेथे आम्ही थांबलो.

स्पर्धेच्या नियमाप्रमाणे सहाच फोटो पाठवायचे. सत्तावीसमधून सहा निवडताना पुन्हा भांडणे! कोणी म्हणे पहिला नको, त्यात नुसती माती आहे. पण माती दाखवली नाही तर अंकुर कोठून आला ते कसे कळणार? शेवटी दिवस १, ६, १२, १३, १८ आणि २७ हे फोटो घेतले. तेरावा शनिवारचा, म्हणून अंधारा आहे. मोबाइलमध्ये तो उजळ करता आला असता. उजेड थोडा वाढवायला नियमात मनाई नाही, पण काही पुसायला किंवा दुसरीकडचे जोडायला आहे. आम्ही उजेडही वाढवला नाही. यावर मात्र वर्गात एकमत नाही. माझ्या मते थोडा वाढवला असता तर बिघडले नसते.

ज्यांच्या घरी मोबाइल मोकळा मिळत नाही, त्यांनी नाराज होऊ नये. कॅमेऱ्यावाचूनही प्रकाशाचे चित्र निघते. संक्रांतीचा पतंगाचा गडद रंगीत कागद घ्या. त्यावर पान किंवा पीस ठेवा, वर काच ठेवा आणि कडक उन्हात दोन-तीन दिवस राहू द्या. कागद उन्हाने विटतो, पण पानाखालचा रंग तसाच राहतो. पान उचलले की त्याची छबी हजर! इंग्लंडात हर्शेल नावाच्या शास्त्रज्ञाने १८४२ साली उन्हाने निळी चित्रे छापण्याची रीत काढली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी त्या रीतीने समुद्री शेवाळाच्या चित्रांचे पुस्तक करायला घेतले. आपली पतंगी चित्रे पुढे उजेडात ठेवली तर उरलेला रंगही विटतो. वहीत दाबून ठेवावी.

आता पाकिटाबद्दल. चित्राच्या मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने पूर्ण नाव, इयत्ता, वय, शाळा, केंद्र व तालुका लिहावा. पेन जोरात दाबून लिहिले तर पुढे उठते. चित्राभोवती दोन बोटे कोरी जागा सोडावी. चित्र पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्यावर ठेवू नये. सुरळी नको, घडी तर नकोच. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये चित्रे ठेवून चारी बाजूंनी दोरा बांधावा. वर प्लॅस्टिकची पिशवी घालावी, कारण पाकीट गुरुजींच्या मोटारसायकलवरून जाणार आहे आणि रस्ता आपण जाणतोच. फोटो मोठ्या आकारात छापून घ्यावेत आणि मोबाइलमधली मूळ प्रत पुसू नये. परीक्षक ती मागू शकतात. मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला सोबत हवा. त्यात 'हे काम विद्यार्थ्याने स्वतः केले आहे' असे लिहिलेले असते.

या शेवटच्या ओळीवरून मोठ्या माणसांना एक विनंती करते. मागच्या वर्षी माझ्या दादाने माझ्या दुसऱ्या चित्रातला डोंगर 'जरा नीट' करून दिला होता. डोंगर फार छान झाला. पण गुरुजींनी विचारले, "हा सुळका कसा काढलास, फळ्यावर दाखव," तेव्हा मला दाखवता आले नाही. ते चित्र मीच परत घेतले. आपण आम्हाला ब्लेड धरायला शिकवा, पुठ्ठा आणून द्या, मोबाइल दहा मिनिटे द्या, रात्री फाटक लावायची आठवण करा. चित्रात मात्र हात घालू नका. वाकडे आले तरी ते आमचे येऊ द्या.

पाकीट उद्या केंद्रशाळेत जाईल. निकाल फेब्रुवारीत लागेल. तोपर्यंत वाटाण्याचे सगळे सत्तावीस फोटो या भित्तिपत्रकाखालच्या बाकावर क्रमाने मांडले आहेत. दोन्ही डबेही आहेत. जाळीआडच्या डब्यातल्या रोपाला पांढरे फूल आले आहे. छापचित्रे दोरीला चिमटे लावून टांगली आहेत. कांद्याच्या ठशांना हात लावू नये, शेवटचे दोन काल संध्याकाळी छापले आहेत आणि रंग अजून ओला आहे.